हंपवर ओरडणारी पोटं

पोटाच्या ऑपरेशनांचा वॉर्ड म्हणजे किश्श्यांचं गोदाम. चार सर्जन चहाला बसले की चहा निवतो, किस्से संपत नाहीत!

नव्वदच्या दशकात मी नागपूरहून बंगळुरूला एम.एस. करायला गेलो. आमचे मुख्य सर्जन होते जाधव सर. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे स्थायिक झालेलं मराठी घराणं, त्यामुळे सरांच्या मराठीत निम्मं कन्नड. आणि ध्यास एकच: पेरिटोनायटिस वेळेत ओळखा! पोटाच्या आतलं नाजूक अस्तर सुजून पू झाला, की उशीर म्हणजे माणूस हातचा गेला.

*

पहिल्याच दिवशी कॅज्युअल्टीत पोटदुखीचे दोघं. एक गडाबडा लोळत "अय्यो, मेलो!" म्हणून हॉस्पिटल डोक्यावर घेत होता. दुसरा पाय पोटाशी घेऊन गप्प. मी अर्थातच लोळणाऱ्याकडे धावलो.

सरांनी माझी कॉलर धरून मला वळवलं. "अरे, त्याला लोळता तरी येतंय! ह्याला श्वास घ्यायची चोरी झालीय."

हात लावला तर पोट फळीसारखं टणक. अपेंडिक्स फुटलं होतं. लोळणाऱ्याचा निघाला मूतखडा. तो मात्र दुसऱ्या दिवशीही रुसलेला. "ओरडलो मी, आणि ऑपरेशन त्याचं?"

*

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातल्या एका फिटरला घेऊन रिक्षावाला आला. म्हणाला, "सार, बाकीचे पेशंट रस्ताभर ओरडतात. हा फक्त हंपवर ओरडला!"

हंप म्हणजे स्पीडब्रेकर; त्याचा धक्का बसला की सुजलेलं अस्तर कळवळतं. सरांनी पोटाला हात लावायच्या आधीच थिएटर तयार करायला सांगितलं. अल्सर फुटला होता. माणूस वाचला.

राउंडला सर आम्हाला म्हणाले, "तुम्ही पाच वर्षं पुस्तकं वाचलीत. त्यानं मीटर टाकून डायग्नोसिस केलं!"

*

त्याच फिटरचं पोट मी सलाइननं धूत होतो. नवखा हात, बेतानं ओतत होतो. सरांच्या घरी नळ दिवसाआड यायचा, आणि त्यांच्या आई, म्हणजे अक्का, आंघोळीला बादली मोजून द्यायच्या. तो सगळा राग तिथे निघाला.

"कंजूष! हे काय आमचं मल्लेश्वरमचं घर आहे? पाणी स्वच्छ येईपर्यंत ओत!"

मी ओतत सुटलो. शेवटी सिस्टरनं आपल्या ओल्या चपलांकडे बघितलं. "सार, पेशंट धुतला की थिएटर?"

*

ऑपरेशननंतर तोंडानं काही द्यायचं नाही, हे होसकोट्याच्या एका पैलवानाला पटेना. नाकात नळी, हाताला सलाइन, आणि तोंडी एकच जप: "स्वल्प, डॉक्टर! अगदी स्वल्प!"

सर विरघळले. "सरी, चालेल. स्वल्प म्हणजे किती?"

"सहा इडल्या. सांबार वेगळं."

*

आणि मग अक्का. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, करारी. दोन दिवस पोटदुखी "पित्त आहे" म्हणून अंगावर काढली, का, तर घरी पाहुणे होते! आणल्या तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटभर पू झालेला. ऑपरेशन दुसऱ्या सर्जननं केलं, सर दाराबाहेर उभे राहिले.

पण खरी धाकधूक पुढेच. अशा पोटात आतडी झोपी जातात. वारा सरला की समजायचं, आतडी जागी झाली, माणूस सुटला. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येक पेशंटला खणखणीत आवाजात विचारायचं, "गॅस गेला का?" आणि वेळ केसपेपरवर लिहायची. चाळीस चाळीस जणांना सर बिनदिक्कत विचारत.

स्वतःच्या आईला मात्र विचारवेना! कॉटजवळ यायचे, "अक्का, बरंय ना?" म्हणायचे, आणि परत फिरायचे.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पोट फुगलेलंच. सर नुसत्या कॉफीवर. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू विचार रे."

मी मान खाली घालून विचारलं. अक्का कडाडल्या, "नातवाच्या वयाचा तू! लाज नाही वाटत?"

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला खुणेनं जवळ बोलावलं.

"तो तीन दिवस जेवला नाही म्हणे?"

"नाही, अक्का."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मग त्याला सांग, आता पोटभर जेव म्हणावं."

मी धावतच ओपीडीत गेलो. सरांसमोर ही रांग!

"सर, अक्कांचा निरोप आहे. आता पोटभर जेवा म्हणाल्या."

सरांचं पेन थांबलं. डोळे भरून आले. त्यांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि विचारलं,

"किती वाजता?"