हात न जोडता केलेली पूजा

आईचा फोन दुपारी ऑफिसात आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. ऑफिसच्या वेळात ती कधी फोन करत नाही. 'तुमचे साहेब रागावतील' ही तिची भीती मी स्वतः साहेब झाले तरी गेलेली नाही. "शुभा, वन्सं उठंनात गं," एवढंच ती म्हणाली. वन्सं म्हणजे तिची नणंद, माझी आत्या. नामपल्लीहून हिमायतनगरला आईकडे ऑटोनं जाईपर्यंत मी त्या ऑटोवाल्याचं डोकं खाल्लं असणार. घरी पोचले तर खालच्या मजल्यावरच्या नजमा आपांनी डॉक्टरांना बोलावून आणलं होतं आणि डॉक्टर येऊन, सांगायचं ते सांगून गेलेही होते. आत्या जेवून नेहमीसारखी आडवी झाली होती. झोपेतच गेली. आई पलंगाशेजारच्या खुर्चीत तिचा हात हातात धरून बसली होती. मला बघून रडली नाही. तिनं विचारलं, "आता त्या कुठं असतील गं?"

या प्रश्नावर त्या घरात आयुष्यभर वाद झाले होते. जी बोलली असती ती समोर निजली होती. मला आत्याचा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकते. अशी कुणाला कल्पना न देता जाते का कुणी?

आत्या शहरातल्या एका मराठी शाळेत भूमिती शिकवायची. हैदराबादेत मराठी शाळा म्हटल्यावर पुण्यामुंबईकडून नव्यानं आलेल्यांना नवल वाटतं, पण आमच्यासारखी निजामाच्या काळापासूनची घरं इथं पुष्कळ आहेत आणि त्यातली कितीतरी पोरं आत्याच्या हाताखालून गेली. तिच्या फळ्यावर प्रमेय नेहमी एकाच शिस्तीत उतरायचं. वर पक्ष, म्हणजे जे दिलेलं आहे ते. त्याखाली साध्य, म्हणजे जे दाखवायचं आहे ते. मग सिद्धता, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे कारण. कारण नसलेली ओळ ती डस्टरनं पुसायची, मग ती कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली असो. ही शिस्त शाळेच्या फाटकाशी थांबली असती तर आमचं आयुष्य जरा सोपं झालं असतं. पण ती घरातही चालायची, आणि देवाच्या बाबतीत तर विशेष चालायची.

नववीत असताना मी देव सिद्ध करून दाखवायचं ठरवलं होतं. त्या वयात असं काहीतरी करावंसं वाटतंच. आत्या भाजी निवडत बसली होती. मी ऐटीत म्हटलं, "पक्ष, जग आहे. साध्य, देव आहे. प्रत्येक गोष्ट कुणीतरी केलेली असते, म्हणून जगही कुणीतरी केलं असणार." तिनं मान वर न करता विचारलं, "प्रत्येक गोष्ट? मग देव कुणी केला?" मी म्हटलं, "त्याला कुणी करावं लागत नाही." "म्हणजे तो सगळ्यांहून वेगळा, हे तू आधीच धरून चाललीस. साध्यच पक्षात लिहिलंस. शून्य गुण." मला इतका अपमान वाटला की पुढच्याच रविवारी मी उलट्या बाजूनं आले. देव कुणाला दिसला नाही, म्हणून देव नाही. वाटलं, आता खूश होईल, कारण ती स्वतः देव मानत नव्हती. तर म्हणाली, "जे दिसत नाही ते नसतं, हे कुठलं प्रमेय? हेही शून्य." मग माझा चेहरा पडलेला बघून मटारचे चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "मी मानत नाही, ते माझं मत आहे, शुभे. सिद्धता नव्हे."

पुढे मी बरंच वाचलं, बऱ्याच लोकांशी भांडले, आणि आज या वयात छातीठोकपणे सांगते की त्या भाजीच्या टोपलीपलीकडे मी फारशी गेलेली नाही. देव आहे हे दाखवणाऱ्या प्रत्येक युक्तिवादात कुठेतरी एक बिनकारणाची ओळ सापडते. नाही हे दाखवणाऱ्यातही सापडते. मरणानंतरचं तर विचारूच नका. नजमा आपा एकदा शीरखुर्मा घेऊन वर आल्या असताना आत्याला म्हणाल्या होत्या, "मरे बाद सब मालूम हो जाता, टीचरजी." आत्या म्हणाली, "मालूम करने को मैं रहना ना, आपा." दोघी इतक्या हसल्या की शीरखुर्मा सांडायचा राहिला.

आई या सगळ्यात पडायची नाही. तिचं माहेर नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. देव आहे यात तिला सिद्ध करण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सकाळची पूजा तिची, सकाळचा पेपर आत्याचा, अशी वाटणी होती. बाबा होते तोवर ते या दोघींच्या मध्ये बसून चहा पीत. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो 'चांगल्या ठिकाणी गेले' म्हणत होता. मी आत्याला गाठून विचारलं, बाबा कुठे असतील? रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, "मला माहीत नाही. आणि माहीत असल्यासारखं मी तुला सांगणार नाही." तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. पण त्या दिवसांत मला जे जे काही सांगण्यात आलं, त्यातलं तेवढंच माझ्याजवळ उरलं.

मग आईचे गुडघे गेले आणि हाताला कंप सुटला. देव्हाऱ्यापुढे पाटावर बसता येईना. बसलीच कशीबशी, तर हातातून बाळकृष्ण निसटून ताम्हनात आपटायचा आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. मी अंबरपेठेत राहते, सकाळी माझीच धावपळ. पूजेला माणूस ठेवू या म्हटलं तर आईला ते नको होतं. एका सकाळी आत्या पेपर बाजूला ठेवून पाटावर जाऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही खुर्चीतून सांगा. एकेक पायरी सांगा, मधली गाळू नका."

त्या दिवसापासून आमच्याकडे देवपूजा आत्या करू लागली. आई सांगायची आणि ती करायची. गंध किती उगाळायचं, कुठल्या बोटानं लावायचं, हळद आधी की कुंकू, सगळं तिनं विचारून घेतलं आणि एकदा घेतल्यावर चुकवलं नाही. फक्त शेवटी हात जोडत नसे. पाट सोडून उठायची, आणि नमस्कार आई खुर्चीतून करायची. यावर दोघींत कधी चर्चा झाली नाही. एकदा आई तापानं गाढ झोपली होती आणि मी सकाळी डोकावले तर आत्या देवांना आंघोळ घालत बसलेली. मी चिडवलं, "आज नसती केली तर कुणाला कळणार होतं?" तिनं अन्नपूर्णेला पुसत पुसत म्हटलं, "उठल्यावर विचारतील त्या. खोटं सांगू?"

आणि एक घोटाळा तर केवळ आमच्याच घरात होऊ शकतो असा झाला. महादेवाच्या पिंडीचं पन्हळ उत्तरेला हवं, असं आईनं सांगितलं. बाकी कुणीही ते रोजच्यासारखं ठेवून दिलं असतं. आत्यानं भूगोलवाल्या बाईंकडून होकायंत्र आणलं. बघते तर काय, फ्लॅट घेतल्यापासून आई जिला उत्तर समजत होती ती उत्तर नव्हतीच. पिंडी इतकी वर्षं सरळ पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. आईचा चेहरा पांढरा पडला. आत्या म्हणाली, "बघा वहिनी, इतकी वर्षं चुकीची दिशा, आणि काही बिघडलं का? म्हणजे दिशेनं काही होत नाही." आई म्हणाली, "बिघडलं नाही, म्हंजी त्यानं चालवून घेतलं ना वन्सं. केवढी त्याची माया!" आत्या कपाळाला हात लावून हसत सुटली. "शुभे, बघ... पक्ष एकच, आणि दोघींचं दोन्ही सिद्ध झालं!" नंतर पिंडी फिरवून नीट उत्तरेला लावली, ती मात्र आत्यानंच.

गेल्या दिवाळीनंतर केव्हातरी नाश्त्याला बसलो असताना आत्यानं विषय काढला. "वहिनी, तुमचं सगळं मी करते ना? मग माझं तुम्ही काही करायचं नाही. दहावं नको, तेरावं नको, श्राद्ध नको. विद्युतदाहिनीत न्यायचं आणि घरी येऊन जेवायचं. कबूल?" आई "चहा गार व्हायलाय," म्हणाली आणि कप तिच्याकडे सरकवला. आत्या पुन्हा विचारील असं मला वाटलं, पण तिनं चहा घेतला.

तो राहिलेला होकार आता आमच्यासमोर उभा राहिला. विद्युतदाहिनीपर्यंत सगळं आत्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं. पण मग परभणीहून बाबांचे चुलतभाऊ, आमचे दिगंबरकाका आले. काका मनानं वाईट नाहीत. बहिणीवर त्यांचा जीव होता. त्यांनी आल्या आल्या गुरुजींची चौकशी सुरू केली. आई दोन घास खायची आणि हात धुवायची. तिच्या डोळ्यांपुढे काय चाललंय ते मला दिसत होतं. तिच्या हिशेबी आत्या वाटेत कुठेतरी तहानलेली उभी होती, आणि पाणी द्यायचं राहिलं होतं. मला आत्याचा शब्द पाळायचा होता, पण समोर जिवंत होती ती आई. शेवटी तिच्याजवळ बसून मी म्हटलं, "आई, तुला करावंसं वाटत असेल तर करू या. आत्याला आता काही फरक पडत नाही." मला वाटलं, किती समंजस बोलले मी.

आई माझ्याकडे वळली. "त्यांना बोलता येईना आता, म्हणून त्यांचं मोडायचं व्हय गं?"

काका दारातच होते. आत आले, खुर्ची ओढून बसले. "वहिनी, तिचा हट्ट तिच्यापाशी. पण तुमचा तर विश्वास आहे ना? तिला गती मिळायला नको?"

"माझा आहे विश्वास," आई म्हणाली. "त्यांचा नव्हता. त्या रोज माझ्या देवाला आंघोळ घालायच्या भाऊजी, ते काय त्यांना देव पटला म्हणून? मला वाकता येत नव्हतं म्हणून. मनात नसताना त्यांनी माझं केलं... आता मनात असताना मी त्यांचं नाही करायचं. जड जायलंय मला. पण त्यांना काय सोपं गेलं असंल?"

काकांचा आवाज खाली आला. "आणि खरंच ती तिकडं तहानलेली असली तर?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, इथे ती मोडणार. पण पदर खाली आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अगदी आत्याशी वाद घालतानाची जिद्द होती. "असल्या तर मी मागून येतेच आहे की. किती दिवस राहिलेत माझे? पाण्याचा तांब्या घेऊनच जाईन. शोधून काढीन त्यांना, आधी पाणी पाजीन, अन् मग म्हणीन, बोला आता वन्सं, कुणाचं खरं निघालं?"

"आणि तिकडे काहीच नसलं तर?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"मग त्यांचं खरं," आई म्हणाली. "पण सांगायला त्या नसतील अन् ऐकायला मी नसेन. त्यांच्या जिवाला केवढं लागलं असतं बघ, जिंकून बोलता न येणं!" आणि मग आत्या गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली, आणि रडता रडता हसलीही. काकांनी फोन करून गुरुजींना नको म्हणून कळवलं. तेराव्या दिवशी घरी साधा वरण-भात होता. नजमा आपा जेवायला होत्या.

सिद्ध काय झालं, असं कुणी विचारलं तर आत्याची भाची म्हणून मी सांगेन, काही नाही. आई जे मानते त्याच्या हिशेबी तिनं स्वतःच्या लाडक्या माणसाची गती पणाला लावली, आणि आत्या जे मानत नव्हती ते करायला तिनं रोज सकाळी पाट मांडला. यातून देवाबद्दल एक ओळही पुढे सरकत नाही. या दोघींबद्दल मात्र मला आता काही शंका उरलेली नाही.

आता पूजा मी करते. ऑफिसच्या आधी अंबरपेठेहून निघते, पाटावर बसते, आणि आई खुर्चीतून सांगते. मी आत्याइतकी काटेकोर नाही. गंध पातळ होतं, फुलं घसरतात. परवा वाऱ्यानं निरांजन फडफडायला लागलं तशी आई घाईघाईनं म्हणाली, "वन्सं, इकडं घ्या ते, विझंल." मी निरांजन आतल्या बाजूला सरकवलं आणि वळून बघितलं. आईच्याही ते लक्षात आलं होतं. तिचा हात तोंडाशी गेला.

"तोंडात तेच बसलंय गं..." ती म्हणाली. "राहू दे का?"

"राहू दे," मी म्हटलं, "पुढची पायरी सांगा, वहिनी."