शिष्ट
काजूबिया भाजल्याचा उग्र धूर नाकात गेला, की आजही मला एका शब्दाचा संताप येतो. माझी मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती. नापास झाले, तर शिक्षण तिथेच थांबणार होते. म्हणून परीक्षा संपेपर्यंत अंगणातल्या संध्याकाळच्या गजालींत बसायचे नाही, असा नियम मी स्वतःला घातला होता. बाहेर काजू भाजत, हशा पिके, मन ओढ घेई. तरी मी आत कंदिलापाशी भूमिती सोडवीत असे. एके संध्याकाळी मुंबईहून आलेले काका दारात उभे राहिले. "काय गो, मोठी शिष्ट झालंस! आमच्यावांगडा बसाक लाज वाटता?" "काका, माका परीक्षा आसा." "पास होवन कलेक्टर होतलंस?" असे म्हणत त्यांनी माझ्यासमोरचा कंदील उचलून अंगणात नेला आणि सगळे हसले. मी पुस्तक घेऊन बाहेर गेले, त्या घोळक्याच्या मधोमध कंदिलाशेजारी बसले आणि अर्धवट राहिलेली सिद्धता मोठ्याने वाचू लागले. एकेकाचे बोलणे थांबले. अखेर काका वैतागले, "व्हर गो बाय तुझो कंदील!" आणि मी कंदील उचलून परत आत नेला. शिष्ट म्हणजे शिकलेला आणि संयमी, हा अर्थ मी पुढे जन्मभर वर्गात शिकवला, पण अभ्यासाला बसलेल्या मुलीला कोणी तोच शब्द शिवीसारखा फेकून मारला, की अजूनही माझा आवाज चढतो.