विहीर क्रमांक सात

माझं माहेर देवळ्याजवळ. दोन-तीन वर्षांमागे विद्यापीठातल्या दोन मुली तिथल्या विहिरींचं पाणी तपासायला आल्या होत्या. वाट चुकल्या, म्हणून त्यांनी माझ्या धाकट्या भावाला फोन केला आणि तो मोटरसायकल काढून त्यांना आणायला गेला. पाण्याच्या बाटल्या भरल्यावर त्यांनी आमच्या विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने सातचा आकडा काढला. आईला त्या आकड्याचं कोण कौतुक! दिवाळीत कठड्याला चुना लावतानाही तेवढा आकडा सोडून ब्रश फिरवायचा, असा तिचा हुकूम.

पुढे भावाला मुलगी झाली. भावजयीला दूध पुरेना, म्हणून पावडरचं दूध सुरू केलं. बिचारी पाणी खळखळ उकळायची, बाटली उकळायची. तरी एका दुपारी लेकराचे ओठ निळे पडले. नाशिकच्या दवाखान्यात पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, पाण्यात खतांचं नायट्रेट असेल. उकळून ते जात नाही, उलट वाढतं. आईला हे पटलं नाही. "आमी समदे ह्याच पाण्यावर वाढलो. हिला बाटली धुता येत नाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. भावजय खाली मान घालून ऐकायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मला त्या मुली आठवल्या. विद्यापीठात फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, शोधनिबंध छापून झालाय, ऑनलाइन आहे." होता खरा. मथळ्यात आमचा तालुका, खाली चार ओळींचा सारांश: काही विहिरींचं पाणी तान्ह्या मुलांना घातक. कोणत्या विहिरी, तो तक्ता मात्र कुलपात. हवा असेल तर विकत घ्या! विहीर आमची, पाणी आमचं, संशोधनाला सरकारी पैसा, म्हणजे तोही आमचाच, आणि किल्ली परदेशातल्या प्रकाशकाकडे. मी त्यांच्या सरांना लिहिलं, मला फक्त सात नंबरचं सांगा. सरांनी फार नम्रपणे कळवलं की तक्त्याचे हक्क आता प्रकाशकाकडे आहेत. त्या नम्रपणाचा मला आजही राग येतो.

शेवटी एका मैत्रिणीच्या, बंगळूरला संशोधन करणाऱ्या बहिणीने पूर्ण निबंध पाठवला. सात नंबरचं नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर होतं. निबंध छापला गेला तेव्हा भाची अजून पोटात होती.

रविवारी मी माहेरी गेले आणि सगळ्यांसमोर सात नंबरची ती ओळ मराठीत सांगितली. आई उठून चुलीकडे गेली. आता भावजय काहीतरी सुनावेल, निदान रडेल, असं मला वाटलं. तिने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं,

"ताई, त्यांच्याकडं यांचा नंबर व्हता ना? वाट चुकल्या तवा त्यांनीच फोन केला व्हता."