भालकीच्या कॅफेतला पिवळा त्रिकोण

भालकीच्या बसस्टँडमागे एक इंटरनेट कॅफे होता. कॅफे म्हणायचं, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं; चहा प्यायचा तर बाहेरच्या गाड्यावर जावं लागे. तिथल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल कधीच संपलेला. वीज गेली की ते थोर यंत्र सात-आठ वर्षं मागे जायचं आणि मग प्रत्येक सरकारी साइटवर पिवळा त्रिकोण दाखवून बजावायचं, की या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू व्हायची आहे, तरी पुढे जायचं का? दोन्हीतलं नक्की काय, ते त्यालाही ठाऊक नसे. सेल बदलण्याऐवजी मालकानं गिऱ्हाइकांनाच शिकवून ठेवलं होतं, काहीही विचारलं तरी ‘यस’ दाबा. अख्ख्या तालुक्याची सुरक्षा अशी एका बोटावर चालली होती.

माझ्या बहिणीला बंगळुरात इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. संध्याकाळपर्यंत साइटवर ती स्वीकारली नाही तर दुसऱ्या कुणाला जाणार. वडील, म्हणजे आमचे अप्पा, सोबत आले. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. कळप घेऊन निघताना कुणी टोकलं की माघारी येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. आता घरात मेंढरू एकही उरलं नव्हतं, नियम मात्र धष्टपुष्ट होता. त्रिकोण दिसताच अप्पांनी बहिणीला उठवलं, बाकावर बसवलं, पाणी पाजलं. पुन्हा साइट उघडली, पुन्हा त्रिकोण, पुन्हा पाणी. मालक समजावून थकला. मी म्हणालो, अशानं जागा जाईल आणि पोटात नुसतं पाणी राहील. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मशीनच जाऊ नको म्हणतंय, हेच त्यांचं पालुपद.

बाहेर ऊन उतरायला लागलं. बहिणीनं ग्लास बाजूला ठेवला.

“अप्पा, मशीन न्हाई, तुमीच नको म्हणायलाव. कामून?”

अप्पांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, “व्हय. तुझी आई गेल्यापासनं घरात माझ्यासंग तूच एकटी बोलतीस. तू गेल्यावर कोण बोलंल?”

बहीण रडत रडतच खुर्चीवर बसली आणि तिनं ‘यस’ दाबलं. रोज अप्पांच्या मांडीला मांडी लावून जेवणारा मी तिच्या खुर्चीमागेच उभा होतो.