देवघरात बसवलेला रोमचा बादशहा

नव्वदच्या दशकात माझं थोरल्या भावाशी बोलणं तुटलं, ते एका रोमन नाण्यावरून. नाणं चांदीचं, इंदापूरच्या सराफाकडून मी पावती घेऊन विकत घेतलेलं.

त्याच्या एका बाजूला रोमच्या पहिल्या बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ढाली-भाले घेतलेले त्याचे दोन नातू. वजन ३.७२ ग्रॅम. मिऱ्यांच्या बदल्यात अशी नाणी आपल्याकडे यायची. पुढच्या बादशहांनी चांदीत तांबं वाढवलं, तेव्हा इथले व्यापारी जुनीच नाणी मागू लागले, असं जाणकार सांगतात. मला ते पटतं.

जळोचीच्या घरी दर रविवारी मी ते मऊ फडक्यावर ठेवून भिंगातून पाहायचो. आई बघायची. चांदी आणि त्यावर माणसाचा चेहरा, म्हणजे हा पूजेत ठेवायचा पूर्वजाचा टाक, असं तिने ठरवलं. टाक थोरल्याच्याच देवघरात हवा. पिंपळीला भावाकडे राहायला जाताना तिने तो कुणाला न सांगता पदराला बांधून नेला. इकडे मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेत राहिलो. काही महिन्यांनी वहिनी सहज बोलून गेल्या, तेव्हा उलगडा झाला.

मी तडक पिंपळी गाठली. बादशहा देवघरात हळदीकुंकवाखाली होता. वहिनी त्याला रोज चिंच आणि राखेने घासत होत्या.

"दादा, हे परदेशी नाणं आहे. माझं आहे."

"परदेशी?" भाऊ हसला. "मागं बघ की. ढाली घेऊन दोघं उभं हायती. आपलं पणजं हायती ते. भिंगातनं दिसंना व्हय?"

"ते रोमच्या बादशहाचे नातू आहेत."

"आन् तू कुणाचा नातू हायस, साहेब? बापजाद्याला कपाटात कोंडलंस. टाक एकदा बसला की उठत न्हाय. उद्या त्येच्या कोपानं गोठ्यात जनावर मेलं, तर तुझा बादशा भरून देणार हाय का?"

"त्याचं नाक झिजलंय, दादा."

"नाक झिजलं म्हणून देव टाकून देत्यात व्हय?"

मी आईकडे वळलो. "आई, तू तरी सांग."

"दर ऐतवारी त्येच्यापुढं बसत हुतास, म्या बघितलंय की," ती म्हणाली.

"नुसतं बघत होतो."

"इतका येळ नुसतं कोण बघतं?"

मी हात घालून नाणं उचललं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. भाऊ उठला नाही.

"न्हे," तो म्हणाला. "पर पित्राच्या जेवणाला हितं पाय ठिवू नगंस. पित्र तूच घेऊन चाललायस."

घरी तोललं, ३.६४ भरलं. चेहरा गुळगुळीत झालेला. असं नाणं कुणी संग्राहक हातात धरत नाही. त्या पितृपक्षात पिंपळीहून बोलावणं आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. मीही विचारलं नाही. नाणं माझ्या कपाटात आहे आणि त्याच्या देवघरात नाही, एवढं मला पुरतं.