गोड मिरचीने उतरवलेली नजर

मित्रांनो, आज गोंधळलोय. तुम्हीच काहीतरी सांगा.

यंदा परसात लांबट गोड मिरची लावली होती. पिकलेल्या काही मिरच्या बियांसाठी सुपात वाळत घातल्या होत्या.

दुपारी भाचीचं तान्हं बाळ रडायचं थांबेना. आईने सुपातल्याच मिरच्या मीठ-मोहरीसोबत त्याच्यावरून ओवाळून विस्तवावर टाकल्या. ठसका लागला नाही, तर नजर जबर, असं आमच्याकडे मानतात. कुणालाच ठसका लागला नाही.

"सकाळी वैशालीनं घेतलं होतं याले," आई म्हणाली. वैशाली आमची शेजारीण, तिला मूल नाही. "आता तिच्याजवळ देऊ नोको."

"आई, त्या मिरच्या गोड होत्या. ठसका कसा लागन?"

आईने झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. "मंग हे शांत काहून झालं?"



संध्याकाळी वैशाली दारात आली. "भाऊ, उठलं का बाळ?"

आई चुलीकडे वळली. मीच बाळ वैशालीकडे दिलं. पण देताना माझा हात क्षणभर अडखळला आणि ते तिला दिसलं.

मिरच्या गोड आहेत, हे मला तर आधीपासूनच माहीत होतं. मग माझा हात का अडखळला? तुमचा अडखळला असता का?