वाटेतल्या ढगाचा पट्टा

वेधशाळेत ताऱ्यांचे वर्णपट तपासणाऱ्या बाईंना सगळे घाईताई म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. तरुण ताऱ्याचा उजेड आपल्याकडे येताना वाटेतल्या वायूच्या नि धुळीच्या ढगांतून येतो. ढग त्यातले काही रंग गिळतो आणि वर्णपटात तेवढ्या जागी काळसर पट्टा उमटतो. असे पट्टे हुडकणं हे ताईंचं काम. गेल्या वर्षी त्यांना एक नवाच पट्टा सापडला. त्यांनी अख्ख्या इमारतीला केक वाटला, आणि मग कळलं की कॅमेऱ्यातले काही पिक्सेल मेले होते, बाकी काही नाही! "पुन्हा असं झालं, तर तरुण तारे विसरा," प्रमुखांनी बजावलं होतं.

आणि आता पुन्हा एक पट्टा! पण ताईही या वेळी शहाण्या झाल्या होत्या. ज्याच्या वाटेत ढगच नाही असा जवळचा एक तारा टिपायला त्यांनी डोंगरावरच्या दुर्बिणीवाल्यांना सांगितलं. तिथेही पट्टा दिसला, तर दोष यंत्राचा. तोवर तोंडाला कुलूप, असं त्यांनी ठरवलं. पण पोटात गोष्ट राहील तर ती घाईताई कसली? सकाळी चहाबरोबर नवऱ्याला सांगितलं, जिन्यात शेजारणीला, आणि बसमध्ये कंडक्टरला. तो बिचारा इतका गोंधळला, की तिकीट द्यायचंच विसरला.

दुपारी जवळच्या ताऱ्याचा वर्णपट आला. प्रमुख खुर्चीमागे येऊन उभे राहिले, तसे ताईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"सर, तुम्हीच बघा. मला नाही बघवत."

"बघतो हो, पण आधी फाईल तर उघडा!"

ताईंनी एक डोळा किलकिला करून फाईल उघडली आणि तो लगेच पुन्हा मिटला.

"इथे पट्टा नाही," प्रमुख सावकाश म्हणाले. "म्हणजे तुमचा तो ढगाचाच. अभिनंदन, ताई."

ताईंनी खुर्चीतच गरकन गिरकी घेतली, प्रमुखांच्या पायावरून चाक नेलं आणि माफी मागायच्या आधी नवऱ्याला फोन लावला. तो शिंपी, त्यामुळे मागे शिलाई मशीन खडखडत होतं.

"अहो, खरा निघाला माझा पट्टा!"

मशीन थांबलं. "वा गं वा! पण त्या ढगात असतं तरी काय, रंग गिळणारं?"

"कोणालाच माहीत नाही!" ताईंना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अख्ख्या जगात कोणालाच नाही हो! आता ते सापडेपर्यंत मला इथून कोण हलवतंय!"